ओसाइफु-केताई : जपानी बटव्याची हकीकत

मोबाइलद्वारे पैसे चुकते करण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा २०१६ पासून आरंभ होतो, आणि आपल्यापुरते ते यथार्थही आहे. परंतु दूरध्वनी आणि बटवा ही दोन्ही एकाच यंत्रात नांदवून ते यंत्र सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची तजवीज जपानात जुलै २००४ मध्येच झाली होती. एनटीटी डोकोमो या कंपनीने या सोयीला ‘ओसाइफु-केताई’, म्हणजे बटव्याचा मोबाइल, असे नाव दिले. पॅनासॉनिकने घडविलेला, मधोमध मिटणारा पी५०६आयसी हा तिचा पहिला अवतार.

या उद्योगाचा पाया डोकोमोनेच पाच वर्षे आधी घातला होता. २२ फेब्रुवारी १९९९ रोजी सुरू झालेल्या ‘आय-मोड’ सेवेत राशिभविष्य, बातम्या, रिंगटोन अशा किरकोळ मालासाठी महिना काही शे येनांचा आकार पडे, तो ग्राहकाच्या टेलिफोन-बिलातच मांडला जाई, आणि वसुलीच्या या मुनीमगिरीबद्दल कंपनी नऊ टक्के दस्तुरी कापून घेई. मात्र या व्यवस्थेने फोनच्या पडद्यावरचाच माल विकत मिळे. कोपऱ्यावरच्या दुकानातील चहाच्या बाटलीचे पैसे चुकते करण्यास निराळीच विद्या हवी होती, आणि ती आली रेल्वेच्या फाटकातून.

सोनीची ‘फेलिका’ ही यंत्राला नुसती टेकवून वाचली जाणारी चिप १९९७ मध्ये हाँगकाँगच्या ऑक्टोपस या प्रवासभाड्याच्या कार्डात नावारूपास आली होती. पूर्व जपान रेल्वेने १८ नोव्हेंबर २००१ रोजी तीच चिप ‘सुइका’ कार्डात घालून तोक्यो परिसरातील ४२४ स्थानकांवर चालू केली. सकाळच्या गर्दीत एकेका फाटकातून मिनिटास साठ प्रवासी न अडखळता पार व्हावेत अशी रेल्वेची अट असल्यामुळे कार्ड ओळखणे, शिल्लक तपासणे, भाडे वजा करणे आणि नवी शिल्लक लिहिणे हा सारा हिशेब चिपला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकावा लागे. चिप तितकी चपळ निघाली; अडचण आली ती माणसांची. कार्ड नेमके कोठे आणि किती वेळ धरावे हे प्रारंभीच्या चाचण्यांत लोकांना उमगेना. कोणी ते हवेत फिरवी, कोणी भलत्याच जागी दाबी. तेव्हा अभिकल्पक शुन्जी यामानाका यांनी निरनिराळे नमुने करून, लोक ते कसे हाताळतात याचे निरीक्षण करून असे ठरविले की, कार्ड टेकविण्याचा पृष्ठभाग उजळलेला आणि प्रवाशाकडे १३.५ अंशांनी कललेला असावा. एवढ्या कलाने हात आपोआप तेथे क्षणभर थबकू लागला. यंत्रविद्येच्या कित्येक जाडजूड प्रबंधांपेक्षा हा साडेतेरा अंशांचा कल मला अधिक विद्वत्तेचा वाटतो.

हीच चिप पुढे मोबाइलमध्ये बसविली गेली, आणि येथूनच सुरक्षिततेचा खरा प्रश्न उपस्थित झाला. फोनच्या घरात ती पोटभाडेकरूसारखी राहते : दार एकच, परंतु खोलीचे कुलूप आणि किल्ली स्वतंत्र. पैसे फोनच्या स्मृतीत नसून चिपच्या बंदिस्त कप्प्यात असत. वाचकयंत्र आणि चिप आधी परस्परांची ओळख पटवीत, आणि दर व्यवहाराला नवी गुप्त किल्ली घडविली जाई, त्यामुळे मधल्या मध्ये संभाषण चोरून ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नसे. परंतु फोन बंद असतानाही बटवा चालावा, अशी सोय मुद्दाम ठेवलेली. ती जशी मालकाच्या कामाची तशीच चोराच्याही. यावर उपाय म्हणून चिपपुरते वेगळे कुलूप दिले गेले. फुजित्सूने २००३ च्या एफ५०५आय या फोनपासूनच बोटाच्या ठशाची ओळख आणली होती, तिचाही येथे उपयोग झाला. सर्वांत रंजक युक्ती म्हणजे दूरस्थ कुलपाची. आधी नोंदविलेल्या क्रमांकावरून हरवलेल्या फोनला ठरावीक मिनिटांच्या आत ठरावीक वेळा रिंग दिली की तो जागच्या जागी कुलूपबंद होई. मिस्ड कॉलची कला आपल्या देशात परमोत्कर्षास पोहोचली खरी, पण तिला पहारेकऱ्याच्या कामी लावण्याचे कोणाला सुचले नाही. अर्थात चोराने आधीच फोन बंद केला तर रिंग पोहोचत नसे, आणि बटवा मात्र चालूच राही! २००६ च्या पी९०३आय या फोनबरोबर एक छोटी वेगळी किल्लीच आली. ती मालकाजवळ राही, आणि फोन तिच्यापासून दूर गेला की आपोआप कुलूप पडे.

माझ्या मते या साऱ्या कुलपांहून भरवशाची हमी रकमेच्या मर्यादेत होती. सुइकात वीस हजार येनांहून आणि एडी या इलेक्ट्रॉनिक पैशात पन्नास हजारांहून अधिक शिल्लक ठेवताच येत नसे, त्यामुळे चोराच्या लाभाला आणि मालकाच्या नुकसानीला आधीच बांध पडलेला होता. गैरसोय होई ती प्रामाणिक माणसाची : पैसा चिपमध्ये असल्याने नवा फोन घेतला की सिम बदलून भागत नसे, प्रत्येक सेवेची शिल्लक जुन्या फोनातून कंपनीच्या दफ्तरी जमा करून नव्या फोनात पुन्हा उतरवून घ्यावी लागे, आणि सेवा पाच असतील तर हा सोपस्कारही पाचदा.

२००५ मध्ये इतर दूरध्वनी कंपन्यांनीही हा बटवा स्वीकारला, जानेवारी २००६ पासून सुइकाही फोनात आले, पण जपानबाहेर ही पद्धत फारशी रुजली नाही. जपानी लोक स्वतःच आपल्या फोनांना गॅलापागोस बेटांवरच्या, इतर जगापासून तुटून वाढलेल्या प्राण्यांची उपमा देऊ लागले. २००८ मध्ये आयफोन जपानात आला तो फेलिकावाचून. तिला त्यात जागा मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये सॉफ्टबँक आणि याहू जपान यांच्या ‘पेपे’ने क्यूआर कोडवर पैसे घेण्यास आरंभ केला. तो कोड १९९४ मधला, जपानच्याच डेन्सो कंपनीत जन्मलेला. पण पेपेच्या मागचे तंत्र पुरविले आपल्याकडील पेटीएमने. रेल्वेच्या फाटकावर निमिषार्धात फोन टेकवून बाहेर पडलेला तोच तोक्योकर आता लगतच्या दुकानात फोन उघडतो, ॲप शोधतो, चौकटीवर कॅमेरा धरतो, आकडा टाइप करतो. यात वेळ कितीतरी पट जातो, परंतु दुकानदाराला वाचकयंत्र विकत घ्यावे लागत नाही, छापील कागदाचा चतकोर तुकडा गल्ल्याशेजारी चिकटविला की त्याचे भागते.