गुन्हेगार आधी की गुन्हा आधी?

पोलीस भरतीत निवड झालेली आमच्या हिवरखेडची पोरं प्रशिक्षणाला निघताना मला विचारतात, कलमं पाठ करायची हे समजलं, पण गुन्हेगारीशास्त्र कशासाठी? माझं उत्तर असं, की चोरीची फिर्याद आल्यावर शिपायाचं पहिलं पाऊल कुठे वळतं, ते कलम ठरवत नाही. त्याच्या मनात गुन्हेगाराचं जे चित्र असतं, ते ठरवतं.

हे चित्र आपल्याकडे कायद्यानेच रंगवलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीला गुन्हेगार जाहीर करण्याची सोय केली. नोंदवहीत नाव आणि फिरण्याला पास ही त्याची साधनं. त्या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही, असंही त्यात लिहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, पुरावा कायदा आला आणि त्याच्या कलम २५ने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवला. दोन्ही कायदे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कायदा-सदस्य असतानाचे. एका माणसाचा गुन्हा शाबीत करायचा तर पोलिसाच्या शब्दावरही भिस्त नको. पण हजारो माणसांना गुन्हेगार ठरवायचं तर पुरावाच नको! ही विसंगती त्या काळात फारशी कुणाला खटकलेली दिसत नाही.

इटलीतला डॉक्टर लोंब्रोसो कैद्यांच्या कवट्या नि जबडे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडू लागला तो १८७६ साली. म्हणजे आपल्याकडचा कायदा शास्त्राच्या पाच वर्षं पुढे होता. लोंब्रोसोची मोजमापं पुढे टिकली नाहीत. अमेरिकेत सदरलँडने दाखवलं की गुन्हा हा संगतीत शिकला जातो, आणि पांढरपेशांचे गुन्हे तर आपण गुन्ह्यांत धरतच नाही.

शिपायाच्या सर्वांत उपयोगी पडेल ती कोहेन आणि फेल्सन यांची १९७९ची मांडणी. गुन्ह्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: करू धजणारा माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. आमच्याकडे विहिरीवरची केबल चोरीला जाते, तेव्हा हे तिन्ही धागे तपासता येतात. त्या रात्री शेतात कोण नव्हतं, वावरात जायची वाट कोणाला माहीत होती, तांबं विकत कोण घेतं? भंगारवाल्याचं दुकान शोधणं जास्त कामाचं. पण पाऊल वळतं ते पारधी बेड्याकडे.

फासे लावून तितर-लावे धरणारी ही जमात. शिकारीवरचे निर्बंध वाढत गेले, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तर तो धंदाच गुन्हा झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुनी नजर ठाण्यात राहिली. हॉवर्ड बेकरने १९६३ साली मांडलेली शिक्क्याची कल्पना इथे तंतोतंत लागू पडते: एकदा शिक्का बसला की काम मिळत नाही, काम नसलं की संशय वाढतो. बेड्यावर सगळे साव आहेत असं माझं म्हणणं नाही. पाटलांच्या वाड्यातही ते नसतात, एवढंच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असा निर्देश पोलिसांना दिला. मी पोरांना केबलचंच उदाहरण देतो. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत कमाल तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का पडली, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५नुसार लेखी नोंदवावं लागतं. तिथे ‘पारधी आहे’ हे कारण लिहिता येत नाही.