दुपट्यावरचा काळा डाग

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला सस्पेन्स खातं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. संध्याकाळी हिशोब जुळवताना एखाद्या रकमेचा ठावठिकाणा लागला नाही, की ती तात्पुरती या खात्यात टाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी शोध घेऊन जिथली तिथे पाठवली, तर काही बिघडत नाही. पण आज बारा रुपये, उद्या सात रुपये असं करत ते खातं वीस वर्षं कुणी उघडूनच पाहिलं नाही, तर एक दिवस ऑडिटर येतो आणि शाखेचं कंबरडं मोडतं. अशी शाखा माझ्या पाहण्यात नाही. माणूस मात्र आहे.

गोष्ट १९९४ सालची. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकाउंटंट म्हणून बदलून गेलो. आमचे हेडकॅशियर तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे असतील, पण चालायचे साठीच्या माणसासारखे. पाठ लाकडाच्या फळीसारखी ताठ. खाली पडलेलं नाणं उचलायचं तर कमरेत वाकता येत नसे. टेबलाला धरून गुडघ्यांवर बसायचे. कानाच्या वरच्या कडा निळसर दिसायच्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, बुबुळाच्या शेजारी, एकेक तपकिरी ठिपका होता. ‘कॅशियरसाहेबांच्या डोळ्यांत शाई सांडलीय’ असं स्टाफमधली पोरं म्हणायची. ते स्वतःही हसायचे.

सोमवारी गावचा बाजार. काउंटरवर ही रांग. आणि हे गृहस्थ तासातासाला उठून भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. नाण्यांच्या पिशव्या स्ट्राँगरूममध्ये न्यायच्या वेळी शिपायाला हाक मारायचे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. मी नवा होतो, शिस्तीचा होतो, आणि ‘कामाची टाळाटाळ’ हे शब्द माझ्या पेनाच्या टोकाशी तयार होते. मी त्यांना मेमो दिला. उत्तरात त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. पाठ दुखते; यापुढे काळजी घेईन. तो कागद त्यांच्या फाइलला लागला आणि मी पुढच्या कामाला लागलो.

१९९८ साली माझी बदली पुण्याला झाली होती. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन पुण्यातच झाल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. सर्जन मोठ्या उत्साहानं सांगत होते. सांध्याच्या टोकांवर कूर्चेचा एक गुळगुळीत थर असतो, ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा. या माणसाचा सांधा उघडला तर तो थर कोळशासारखा काळा! त्यांनी रुग्णाची लघवी बाटलीत भरून तशीच ठेवायला सांगितली. सकाळपर्यंत तीही काळी झाली. निदान पक्कं झालं. रोगाचं नाव अल्काप्टोन्युरिया.

कॅशियरसाहेबांची आई उशाशी बसली होती. सत्तरीच्या आसपासची. ती मला हळूच म्हणाली, ‘‘साहेब, ह्यात नवीन काय सांगतात हे? हा अंगावर पीत होता तेव्हापासून ह्याच्या दुपट्यांना काळे डाग पडायचे. सोड्यानं धुतलं की अजूनच काळं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, तुला धुता येत नाही.’’

सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं निदान त्या माउलीनं नदीच्या दगडावर केलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता त्या डागाची कुळकथा. आपण खातो त्या डाळी, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलानिन आणि टायरोसिन अशी दोन अमिनो आम्लं असतात. शरीर ती टप्प्याटप्प्यानं मोडतं. वाटेत होमोजेन्टिसिक आम्ल तयार होतं आणि एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते लगेच पुढे ढकलतं. अल्काप्टोन्युरियाच्या रुग्णात हे विकर जन्मतःच निकामी असतं. अडकलेलं आम्ल बहुतांशी लघवीवाटे जातं. हवेत राहिलं किंवा साबण-सोडा लागला, की ते काळं पडतं. पण थोडं मागे उरतं. रोज थोडं. हेच ते सस्पेन्स खातं.

उरलेलं आम्ल कूर्चेत मुरतं आणि तिथे काळं रंगद्रव्य होऊन बसतं. लहानपणी काहीच जाणवत नाही. तिशीच्या सुमारास पाठ धरू लागते, डोळ्यांत नि कानांत डाग दिसू लागतात. कूर्चा लवचीक राहत नाही, ठिसूळ होऊन तिचे कपचे निघतात. मग खालचं हाड उघडं पडून झिजतं. मणक्यांमधल्या गाद्यांत कॅल्शियम साठतं, उंची कमी होते. कित्येकांच्या हाडांची घनताही घटते. पन्नाशीच्या आगेमागे गुडघे, खुबे, खांदे एकामागून एक बदलायची वेळ येते.

जर्मनीतल्या रुडॉल्फ फिर्खोव्ह यांनी १८६६ साली एका वृद्धाच्या शवविच्छेदनात असे काळे सांधे पाहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तो रंग पिवळ्या मातीसारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला ‘ओक्रोनोसिस’ म्हटलं. पण खरी उकल केली ती लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी, आणि तीही दुपट्यांवरूनच. त्यांच्याकडे एक तान्हं मूल आलं होतं, त्याचे लंगोट काळे पडायचे. त्या काळी समजूत अशी, की पोटातल्या जंतूंमुळे असं होत असावं. १९०१ साली त्याच आईला पुन्हा मूल झालं. गॅरड यांनी जन्मापासून लंगोटांवर लक्ष ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी डाग दिसला. इतक्या लवकर ठरलेल्या वेळी येणारी गोष्ट संसर्गाची नसणार, ती घेऊनच मूल जन्माला आलं असणार, हे त्यांनी ओळखलं.

त्यांनी आणखी एक विचारपूस केली. डॉक्टर लोक जे विचारायला संकोचतात ते विचारलं. मुलाचे आईवडील एकमेकांचे कोण? उत्तर आलं, सख्खी मावसभावंडं. इतर रुग्णांची घरं तपासली, तर तिथेही चुलत-मावस नात्यांतली लग्नं नेहमीच्या प्रमाणापेक्षा फार जास्त. विल्यम बेटसन या जीवशास्त्रज्ञानं हे मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांशी जुळत असल्याचं दाखवलं. १९०२ साली गॅरड यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. माणसाच्या रोगाला मेंडेलचा नियम लागू झाला, तो इथे. पुढे १९०९ साली त्यांनी अशा जन्मजात चयापचय-दोषांवर पुस्तकच लिहिलं.

ही विचारपूस आपल्याही घरची आहे. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मान्य, किंबहुना कौतुकाची. माझ्या कॅशियरसाहेबांचे आईवडील आतेभाऊ-मामेबहीणच होते. म्हणून नात्यातल्या प्रत्येक लग्नावर संकट येतं असं मुळीच नाही. बहुसंख्य मुलं धडधाकट निपजतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक सदोष असली तरी दुसरी काम भागवते. असा माणूस आजारी नसतो, नुसता वाहक असतो. दोन्ही सदोष असतील तरच रोग. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता. एकाच आजोबांची नातवंडं असली, की दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो, एवढंच हे गणित.

पण त्या घरात गणित पुस्तकात राहणार नव्हतं. कॅशियरसाहेबांच्या धाकट्या बहिणीनं आपली मुलगी भावाच्या मुलाला द्यायची, असं लहानपणापासून ठरवून ठेवलं होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, आणि मग माझ्याकडे आले. ‘‘साहेब, तुम्ही हिशोबातले. एकदा समजावून सांगा.’’ आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. त्यांच्या दोन्ही प्रती सदोष, म्हणून मुलगा नक्कीच वाहक. निरोगी बहीण वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. तिची मुलगी वाहक असण्याची, तीनांत एक. त्यातून होणाऱ्या बाळाला रोग होण्याची शक्यता बारांत एक. परक्या घरातली मुलगी केली तर ती जवळजवळ नगण्य, कारण हा रोग अडीच लाख ते दहा लाख माणसांत एखाद्यालाच होतो.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग स्वतः बहिणीच्या घरी गेले आणि शर्टाची बाही वर न करता, कोणाला दोष न देता, सगळं सांगून आले. बहीण रडली. मुलांची लग्नं पुढे वेगवेगळ्या घरी झाली. दिवाळीला दोन्ही घरं आजही एकत्र असतात. एका आकड्यानं घर मोडतं असं आपल्याला वाटतं. खरं तर लपवलेल्या आकड्यानं मोडतं.

१९९६ साली स्पेनमधल्या संशोधकांनी हे जनुक शोधून काढलं. त्यासाठी त्यांना एका बुरशीच्या जनुकाचा माग उपयोगी पडला. औषधाची कथा याहून नवलाची. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीच्या संशोधकाला दिसलं, की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. त्या शोधातून तणनाशकं निघाली, आणि त्यांच्याच कुळातलं निटिसिनोन हे औषध. ते होमोजेन्टिसिक आम्ल तयार होण्याच्या आधीचीच पायरी अडवतं. १९९१ साली स्वीडनमध्ये ते टायरोसिनेमिया या लहान मुलांच्या घातक यकृतविकारावर प्रथम वापरलं गेलं. मग लिव्हरपूलच्या डॉ. लक्ष्मीनारायण रंगनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्काप्टोन्युरियाच्या १३८ रुग्णांवर चार वर्षं त्याची चाचणी घेतली. घातक आम्ल ९९ टक्क्यांहून अधिक घटलं, रोगाची चालही मंदावली. २०२० साली युरोपात या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. टायरोसिन वाढून डोळ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून आहारातली प्रथिनं बेतानं घ्यावी लागतात. आणि एकदा काळी पडून झिजलेली कूर्चा काही पुन्हा पांढरी होत नाही.

लिव्हरपूलच्याच संशोधकांनी ऑपरेशनमध्ये काढलेले सांधे तपासले. काळेपणा पृष्ठभागावर सुरू होत नाही. कूर्चा हाडाला जिथे चिकटते, तिथल्या कॅल्शियम धरलेल्या थरात आधी सुरू होतो, असं दिसलं. तुमच्या-माझ्या गुडघ्यांची साधी झीज समजून घ्यायलाही असा दुर्मिळ रोग उपयोगी पडतो.

आणि पैशाचं? बँकवाल्यानं ते सांगितल्याशिवाय कसं राहावं? टायरोसिनेमियाच्या मुलासाठी परदेशी निटिसिनोनचा खर्च वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख रुपये होता. २०२३ साली ते भारतात तयार होऊ लागलं आणि सरकारनं जाहीर केलं, की हा खर्च आता सुमारे अडीच लाखांवर आला आहे. अडीच लाखही सामान्य घराला थोडे नव्हेत. पण अशक्य आणि अवघड यांतलं अंतर ज्यानं कर्जाचे अर्ज हाताळले आहेत, त्याला ठाऊक असतं.

हे सारं येईपर्यंत कॅशियरसाहेबांचे तीन सांधे बदलून झाले होते. आई केव्हाच गेली. मी दिलेला तो मेमो त्यांच्या फाइलीत तसाच राहिला. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद टाकून दुरुस्त करतात. मी ती कधीच टाकली नाही. परवा फोन करून त्यांना म्हटलं, तुमच्यावर लिहितो आहे, मेमोचंही लिहिणार आहे.

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, ‘‘मेमोचं राहू द्या हो साहेब. आईला सासूबाईंनी उगाच बोल लावला होता, एवढं मात्र लिहा. तिला चांगलं धुता येत होतं.’’