खाचर ते ताट : आंबेमोहोराचा हिशेब

मुळशीत आंबेमोहोर कमी का झाला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : परवडत नाही. हे उत्तर खोटे नाही. पण हा हिशेब कुठून सुरू केला आणि कुठे थांबवला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तो खाचरातच थांबवला तर आंबेमोहोर हरतो. हे भात उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते. म्हणूनच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' तयार झाला. १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. एकरी क्विंटल हेच माप असेल, तर इंद्रायणीची निवड बरोबरच आहे.

प्रणाली-विश्लेषण मात्र आधी विचारते : आपल्याला नेमके काय वाढवायचे आहे, आणि अडते कुठे? लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवुडच्या उत्पादनाचा असाच प्रश्न गणितात मांडला. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न सोडवण्याची रीत दिली. त्यातून कळते ते असे : जिथे खरोखर अडले आहे, तीच गाठ सैल केली तर लाभ वाढतो.

आता हिशेब गिरणीपर्यंत नेऊ. १०० किलो भातातून साधारण २० किलो तूस, ८ ते १० किलो कोंडा आणि ७० किलो तांदूळ निघतो. त्यात अखंड दाणा किती आणि कणी किती, हे बरेचसे वाळवण्यावर ठरते. कापणीच्या वेळी दाण्यात २० टक्क्यांहून अधिक ओल असते. भरडताना ती १४ टक्क्यांच्या आसपास हवी. कडक उन्हात घाईने वाळवलेला किंवा वाळून पुन्हा भिजलेला दाणा आतून तडकतो. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकदमच घासून निघतात, तिथे तो मोडतो. रबरी रोलरच्या गिरणीत आधी फक्त तूस निघते, म्हणून तूट कमी होते.

समजा, कणीला किलोमागे १ भाग भाव आहे आणि अखंड तांदळाला ३ भाग. ७० किलोत ३० किलो कणी झाली तर हाती १५० भाग येतात. कणी १० किलोवर आणली तर १९०. एक दाणाही जास्त न पिकवता उत्पन्न सव्वापटीहून अधिक झाले.

इंद्रायणीचाही हिशेब असाच करावा लागेल. पण सुवासाला चांगला भाव असेल, तिथे अखंड दाण्याचे मोल आंबेमोहोराला अधिक लागते. म्हणून बियाणे बदलण्याचा सल्ला देण्याआधी गावात ताडपत्री, ओल मोजण्याचे यंत्र आणि बरी गिरणी आहे का, हे पाहावे असे मला वाटते. ते न पाहताच वाण सोडला, तर वाळवणातला तोटा बियाण्याच्या नावावर मांडला जाईल.