पडद्यावरचा पक्षप्रचार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

निवडणूक जाहीर झाली की पक्षांचा आवाज आपल्या घरात तीन वाटांनी येतो. एक, दूरदर्शन आणि आकाशवाणीवरचं पक्षप्रतिनिधीचं मोफत भाषण. दोन, वाहिन्यांवर आणि एफएमवर पैसे मोजून लावलेली जाहिरात. तीन, बातम्या आणि चर्चा. तिन्ही ठिकाणचे नियम वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले गेल्यामुळेच पुढचे गैरसमज सर्रास ऐकू येतात.

गैरसमज: दूरदर्शन सरकारचं, त्यामुळे तिथला वेळ सत्ताधाऱ्यांच्या मर्जीनं मिळतो.

वस्तुस्थिती: मोफत वेळेची सध्याची योजना १९९८च्या लोकसभा निवडणुकीपासून सुरू झाली. २००३मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३९-अ आलं आणि या वाटपाला कायद्याचा आधार मिळाला. वाटप निवडणूक आयोग ठरवतो. विधानसभा निवडणुकीत प्रत्येक राष्ट्रीय पक्षाला आणि त्या राज्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला सारखीच ४५ मिनिटं मिळतात. त्यावरचा जादा वेळ मागच्या विधानसभा निवडणुकीतल्या कामगिरीनुसार ठरतो. पक्षांना वेळेची व्हाउचर मिळतात. पूर्वी ती छापील असत, २०२३पासून ती डिजिटल झाली. कोणत्या दिवशी, किती वाजता कोण बोलणार हे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि एका बैठकीत कुणालाही १५ मिनिटांपेक्षा जास्त बोलता येत नाही.

इथे मर्जीला फारसा वाव नाही. खरी उणीव वेगळीच आहे. अपक्षांना आणि मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षांना या योजनेत एक मिनिटही मिळत नाही. शिवाय जादा वेळ मागच्या कामगिरीवर मिळत असल्यानं जुन्या, मोठ्या पक्षांचं पारडं आधीच जड असतं.

गैरसमज: वेळ मिळाला की नेता वाटेल ते बोलू शकतो.

वस्तुस्थिती: भाषणाची संहिता आधी द्यावी लागते आणि ती तपासली जाते. इतर देशांवर टीका, धर्मावर किंवा समाजावर हल्ला, बदनामी, हिंसेला चिथावणी, राष्ट्रपती आणि न्यायव्यवस्थेच्या सचोटीवर शिंतोडे हे सगळं वर्ज्य आहे. कुणा व्यक्तीवर नाव घेऊन टीकाही करता येत नाही.

मे २०२४मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना याचा अनुभव आला. येचुरींच्या भाषणातून ‘सांप्रदायिक हुकूमशाही राजवट’ आणि ‘जुलमी कायदे’ या अर्थाचे शब्द काढायला लावले गेले. देवराजन यांना नागरिकत्व कायद्याबद्दल बोलताना ‘मुस्लिम’ हा उल्लेख गाळावा लागला. आपण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनाच पाळतो, अशी दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीची बाजू होती. पण राजवटीवरची टीका ही व्यक्तीवरची टीका नव्हे. मोकळ्या मैदानात जे बेधडक बोललं जातं, ते सार्वजनिक माध्यमावर का चालू नये, याचं पटणारं उत्तर मिळायला हवं.

गैरसमज: पैसे टाकले की कुठलीही राजकीय जाहिरात टीव्हीवर लागते.

वस्तुस्थिती: केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांनुसार राजकीय स्वरूपाच्या जाहिरातींना बंदीच होती. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मार्च २००४मध्ये ही तरतूद रद्द केली. त्यावर १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: जाहिरात दाखवा, पण आधी तपासून घ्या. हे काम आता माध्यम प्रमाणन समित्या करतात. पुढे रेडिओ आणि समाजमाध्यमंही या कक्षेत आली.

मान्यताप्राप्त पक्षाला किंवा उमेदवाराला प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो, इतरांना सात दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता जोडायची. निर्मितीला किती खर्च आला, जाहिरात किती वेळा आणि कोणत्या दरानं लागणार, हेही लिहून द्यायचं. एप्रिल २०२४मध्ये शिवसेनेला (उद्धव बाळासाहेब ठाकरे) प्रचारगीतातले ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढायला सांगितलं गेलं, ते याच चाळणीत. ते काढणार नाही, असं उद्धव ठाकरे यांनी जाहीरपणे सांगितलं होतं.

गैरसमज: प्रमाणपत्र मिळालं म्हणजे जाहिरातीतले दावे खरे.

वस्तुस्थिती: जाहिरात कायद्यात बसते का, शालीनता सोडते का, भावना दुखावते का, एवढंच समिती पाहते. किती रोजगार दिले, किती रस्ते बांधले याची आकडेवारी पडताळून शिक्का मारणं हे तिचं काम नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

गैरसमज: शेवटच्या ४८ तासांत टीव्हीवरचा प्रचार पूर्ण थांबतो.

वस्तुस्थिती: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास निवडणूक प्रचाराचा मजकूर टीव्हीवर दाखवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ही बंदी ज्या भागात मतदान आहे, तेवढ्यापुरती असते. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे असं पाच टप्प्यांत मतदान झालं. नागपूरचं मतदान पहिल्या टप्प्यात होतं, मुंबईचं शेवटच्या. नागपुरात जाहीर सभा थांबल्या तरी दुसऱ्या भागातल्या सभेचं थेट प्रक्षेपण नागपूरकराच्या घरातल्या टीव्हीवर दिसतच होतं. टप्पे वाढतात तसा शांततेचा हा काळ पोकळ होत जातो.

गैरसमज: खासगी वाहिन्यांनाही सर्व पक्षांना न्याय्य वेळ द्यावा लागतो.

वस्तुस्थिती: कलम ३९-अमध्ये केबल वाहिन्यांचाही उल्लेख आहे. मोफत वेळेचं वाटप मात्र सार्वजनिक प्रसारकापुरतंच राहिलं. बातम्यांआड पैसे घेऊन प्रचार झाला तर ‘पेड न्यूज’ म्हणून कारवाई होऊ शकते, पण चर्चेत कुणाला किती मिनिटं द्यायची हे वाहिनीच ठरवते. मार्च २०१९च्या अखेरीस भाजपच्या प्रचाराची ‘नमो टीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा ही बातमीवाहिनी की जाहिरात, असा प्रश्न उभा राहिला. आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या कार्यक्रमांना पूर्वप्रमाणन लागेल, हे स्पष्ट झालं ते वाहिनी सुरू झाल्यानंतर.

हे सगळं एकत्र पाहिलं की तक्रार नेमकी कुठे करायची ते कळतं. नियम नाहीत, असं नाही. दूरदर्शनवरच्या पंधरा मिनिटांच्या भाषणातला शब्दन् शब्द तपासला जातो आणि रोज रात्री तासन्‌तास चालणाऱ्या चर्चांना वेळेचं कुठलंच बंधन नाही. हा तोल बदलायला हवा. भाषणातला शब्द कापला तर त्याचं लेखी कारण जाहीर व्हावं. कलम ३९-अची अंमलबजावणी खासगी वाहिन्यांपर्यंत न्यावी. नव्या पक्षांना आणि अपक्षांना निदान काही मिनिटं मिळावीत. आणि आपण प्रेक्षकांनी समोर दिसतंय ते भाषण आहे, जाहिरात आहे की बातमी, हे दर वेळी ओळखावं. आचारसंहितेचा भंग दिसला तर आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करता येते, १९५० या क्रमांकावर विचारणाही करता येते. मतदारानं आग्रह धरला नाही, तर हे नियम आहेत तिथेच राहतील.