राजगिरा : पाने व बिया यांतील पोषक द्रव्ये

(हिं. रामदाना, चौलाई, गु. राजगरो, लॅ. ॲमरँथस, कुल-ॲमरँटेसी). ज्यांची पाने व बिया दोन्ही अन्न म्हणून उपयोगी पडतात, अशा मोजक्या वनस्पतींपैकी राजगिरा ही एक होय. बियांसाठी ॲ. हायपोकाँड्रिॲकस, ॲ. क्रुएंटस व ॲ. कॉडेटस या मूळच्या अमेरिका खंडातील जातींची लागवड होते, पालेभाजीचा माठ (ॲ. ट्रायकलर) याच वंशातील आहे. राजगिरा तृण कुलातील नसल्याने खरे तृणधान्य नव्हे. त्याच्या लाह्या, लाडू व पीठ महाराष्ट्रात उपवासास चालतात.

बिया : बी १ ते १.५ मिमी. व्यासाचे असून त्यातील वलयाकार गर्भ मधल्या पिठूळ भागास वेढून असतो. बियांच्या मानाने गर्भ मोठा असल्यामुळे प्रथिने व मेद यांचे प्रमाण तांदळापेक्षा बरेच अधिक असते. १०० ग्रॅ. बियांत सुमारे १३ ते १४ ग्रॅ. प्रथिने, ६ ते ७ ग्रॅ. मेद, १६० मिग्रॅ. कॅल्शियम, २५० मिग्रॅ. मॅग्नेशियम व ७ ते ८ मिग्रॅ. लोह असते. गहू व तांदूळ यांत कमी पडणारे लायसीन हे ॲमिनो अम्ल राजगिऱ्यात भरपूर असते. मात्र बिया फार भाजल्यास त्याचा काही अंश वाया जातो. ग्लुटेन नसल्याने गहू न सोसणाऱ्या रुग्णांनाही राजगिरा चालतो.

पाने : ताज्या पानांत ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणून त्यांची कोरड्या बियांशी वजनावर तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. १०० ग्रॅ. पानांत २०० ते ४०० मिग्रॅ. कॅल्शियम, २ ते ५ मिग्रॅ. लोह आणि क जीवनसत्त्व व कॅरोटीन यांचा चांगला साठा असतो. कॅरोटिनापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते व त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. कॅरोटीन मेदात विरघळत असल्याने तेलाच्या फोडणीमुळे त्याचे शोषण सुधारते.

उपलब्धता : कोष्टकातील सर्व खनिज शरीरास मिळतेच असे नाही. पानांतील ऑक्झॅलेटे कॅल्शियमाशी, तर बियांतील फायटेटे लोह व जस्त यांच्याशी संयोग पावून त्यांचे शोषण घटवितात. पाने उकळून पाणी टाकल्यास ऑक्झॅलेटे कमी होतात, पण त्याबरोबर क जीवनसत्त्व व पोटॅशियमही जाते. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी ही भाजी बेतानेच खावी. शिवाय पानांना चिकटलेल्या मातीमुळे मोजणीत लोह अधिक भरते. भारतीय कोष्टकांत माठाच्या लोहाचा पूर्वीचा २५ मिग्रॅ.चा आकडा पुढे सुमारे ३.५ मिग्रॅ. असा दुरुस्त झाला.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तो केवळ पालेभाजीने बरा होईल, असे मानून औषधी लोह टाळणे धोक्याचे ठरते. तथापि भाजीवर लिंबू पिळणे, तसेच जेवणास जोडून चहा न घेणे, या साध्या उपायांनी आहारातील लोहाचे शोषण वाढते.