टॅग गप्प की रीडर बहिरा?

टोलनाक्यावर गाडी थांबते, बॅरिअर उघडत नाही आणि मागून हॉर्न वाजू लागतात. मग कर्मचारी हातातला छोटा रीडर घेऊन येतो, काचेवरचा फास्टॅग वाचतो आणि रांग हलते. दोष टॅगचा होता की कमानीवरच्या रीडरचा, हे त्या घाईत कुणी पाहत नाही. ते शोधण्याचं काम यंत्रावरच येतं.

फास्टॅगला बॅटरी नसते. रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला क्रमांक कळवते. परतलेला संदेश मूळ लहरींच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही क्षीण असतो. त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही, तर लेनमध्ये टॅग नसेल किंवा रीडर बहिरा झाला असेल. शांतता दोन्हीकडे सारखीच!

ती उलगडायची पहिली खूण केबलमध्येच सापडते. अँटेना धड असेल, तर बहुतेक शक्ती हवेत जाते. केबल तुटली किंवा कनेक्टर सैल झाला, की त्या शक्तीचा मोठा भाग उलट रीडरकडे येतो. रीडर तो मोजतो आणि मर्यादा ओलांडली की तेवढं पोर्ट बंद करतो. नाहीतर त्याचा ॲम्प्लिफायरच जळायचा. दुसरी युक्ती म्हणजे अँटेनाच्या टप्प्यात कायमचा लावलेला एक ओळखीचा टॅग. तो वाचला जातोय, तोवर रीडर, केबल, अँटेना ठीक. त्याचा सिग्नल दिवसेंदिवस क्षीण होऊ लागला, तर पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये झिरपतंय का, हे लेन बंद पडण्याआधीच तपासता येतं.

दुरुस्तीलाही क्रम असतो. आधी फक्त रुसलेलं पोर्ट पुन्हा सुरू करायचं, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी अख्ख्या रीडरचा वीजपुरवठा तोडून जोडायचा. सॉफ्टवेअरच गोठलं तर ‘वॉचडॉग’ टायमर कामी येतो. सॉफ्टवेअरनं त्याला ठरावीक वेळात ‘मी जागा आहे’ असं कळवलं नाही, तर तो प्रोसेसर रीसेट करतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबायचा वेळ वाढवायचा, नाहीतर रीडर दिवसभर नुसता बंद-चालू होत राहतो.

पण रीस्टार्ट म्हणजे निदान नव्हे. जुलै १९९७मध्ये मंगळावर उतरलेलं ‘पाथफाइंडर’ यान वारंवार रीसेट होत होतं. वॉचडॉग आपलं काम चोख करत होता. मूळ दोष होता कामांच्या अग्रक्रमाच्या गुंत्यात. अभियंत्यांनी तीच स्थिती पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत घडवून आणली, नोंदी तपासल्या आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली.

टोलनाक्यावर अशा नोंदींना पैशांचंही मोल आहे. केंद्र सरकारच्या मे २०१८च्या अधिसूचनेनुसार, टॅग वैध असून खात्यात पुरेशी रक्कम असेल आणि नाक्याच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे टोल कापला गेला नाही, तर राष्ट्रीय महामार्गावर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. बिघाड कुणाचा, हे ठरवायला तेव्हा रीडरची नोंदच कामी येते. म्हणून रीडरनं स्वतःला सावरताना आपण कधी आणि का बंद पडलो, हेही लिहून ठेवायला हवं.