आंग्रिया बँक : महाराष्ट्रासमोरचं बुडालेलं प्रवाळबेट

भूगोलात तुम्ही 'कंकणद्वीप' हा शब्द वाचला असेल. बांगडीसारखं गोल प्रवाळबेट आणि मधोमध उथळ खाजण. लक्षद्वीपला अशी बेटं आहेत. तिथं जायला परवाना लागतो.

पण आपल्या महाराष्ट्रासमोरही प्रवाळांचं एक मोठं पठार आहे, हे किती जणांना माहीत आहे? विजयदुर्गपासून सुमारे १०५ किमी पश्चिमेला. लांबी साधारण ४० किमी. नाव आंग्रिया बँक, मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेलं. काही अभ्यासक त्याला बुडालेलं कंकणद्वीपच मानतात.

तिथं बोटीनं गेलात तर काय दिसेल? नुसतं पाणी! पाय ठेवायला जमीन नाही. पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल, म्हणजे सहा-सात मजली इमारत बुडेल इतका. खाली मात्र रंगीत प्रवाळ आणि माशांचे थवे; वर डॉल्फिन.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो इवलासा प्राणी आहे. पाण्यातला चुना घेऊन तो घर बांधतो. तो मेला तरी घर उरतं; त्यावर पुढची पिढी बांधते. त्याच्या अंगात शैवाल राहतं, तेच सूर्यप्रकाशात अन्न बनवून त्याला देतं. म्हणून त्याला स्वच्छ पाणी हवं. नद्यांचा गाळ एवढ्या लांब पोहोचत नाही, म्हणून आंग्रियावर २० मीटर खालीही ऊन पोहोचतं.

आता अडचण बघा. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण समुद्रात अभयारण्य करायचं, तर हा कायदा १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किमीपर्यंतच चालतो. आंग्रिया त्याच्या कितीतरी बाहेर! ट्रॉलरच्या जाळ्यानं तळ खरवडला, तर गोळ्यासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर भरून निघतो.

दुसरं संकट उष्णतेचं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच राहिलं, की प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो.

ढोकीतून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, मग आपला काय संबंध? आपल्या शेजारच्या तेरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी भडोच बंदरातून समुद्रापार जायचा. आज आपल्या गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर हवेतून तिथवर पोहोचतो.

नकाशा काढा, विजयदुर्ग शोधा आणि पश्चिमेला एक टिंब द्या. जे ठाऊकच नाही, ते जपणार कोण?